दंड, दंडाचा रंग आणि एकवीस इंची चाक



ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं त्या माणसाने रेसिंगच्या गाड्यांच्या टायरवर बोलावं, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना गंमत वाटली असेल. दोघांनी तर फोन करून विचारलं, ‘सर, छपाईत काही गडबड झालीय का?’ (हशा) गडबड नाही. विषय मीच सुचवला होता. आणि या शहरात चाकावर बोलायला कुणाला परवानगी लागू नये, असं मला वाटतं.

आपल्या शहराचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास लिहायचा तर तो चाकापासूनच लिहावा लागेल. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. त्या काळी बजाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चेतक यायची, आणि चेतकचं चाक दहा इंची. त्या कारखान्याच्या आधाराने सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. एन्ड्युरन्ससारखी कंपनी याच काळात इथे अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम करत वाढली आणि पुढे दुचाकींची अलॉय चाकं करू लागली. वाळूजलाच गुडइयरचा टायरचा कारखाना आला. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, ऑक्टाव्हिया तिथे जुळू लागली; २००७ मध्ये त्याच आवारात ऑडी जुळू लागली. आणि मग ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीसुद्धा नकाशात औरंगाबाद शोधलं.

म्हणजे दहा इंचांवर सुरू झालेलं हे शहर पाव शतकात सतरा-अठरा इंचांवर पोचलं. आज मोंढा नाक्यापासून सिडकोपर्यंत जालना रोडने चालत जा, उभ्या गाड्यांची चाकं बघा. एकोणीस इंचही नवलाचे राहिलेले नाहीत.

हे चाक मोठं का झालं, हा माझा आजचा प्रश्न. त्याचं उत्तर जालना रोडवर मिळत नाही. ते मिळतं रेसच्या ट्रॅकवर. कारण मोठ्या चाकाची हौस जिथून उतरत खाली आली, तो उगम तिथे आहे. त्यामुळे आधी थोडं दूर जाऊ आणि मग परत येऊ.

काही गाड्या अशा असतात की त्या ट्रॅकसाठी बनवलेल्या असतात, पण नंबरप्लेट लावून रस्त्यावरही नेता येतात. पोर्शे ९११ हे त्यांचं सगळ्यात सोयीचं उदाहरण. सोयीचं अशासाठी, की साठ वर्षं तीच गाडी, तोच आकार, इंजिन मागेच. त्यामुळे काय बदललं ते स्वच्छ दिसतं. १९६४ ची ९११ पंधरा इंची चाकावर होती, टायरची रुंदी १६५ मिलिमीटर. आज कुठल्याही मध्यम हॅचबॅकचा टायर त्याहून रुंद असतो. १९७३ ची प्रसिद्ध करेरा आरएस, २१० अश्वशक्तीची, तीही पंधरा इंचांवरच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आरएस सतरा इंचांवर गेली. १९९९ मध्ये पहिली जीटी३ आली ती अठरा इंचांची. २००६ ला एकोणीस, २०१३ ला वीस. आणि २०२२ ची जीटी३ आरएस : पुढे वीस इंच, मागे एकवीस. मागचा टायर ३३५/३० आर २१.

हे आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ३३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ३० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ३० टक्के. आणि २१ म्हणजे आतल्या धातूच्या रिमचा व्यास, इंचात. लोक ‘एकवीस इंची चाक’ म्हणतात तेव्हा ते या रिमबद्दल बोलत असतात. रबरासकट पूर्ण चाकाबद्दल नाही.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. बैलगाडीचं चाक मोठं असतं ते का? मोठं चाक खड्ड्यावरून, धोंड्यावरून सहज जातं, आणि बैलांना ओढ कमी पडते. तिथे पूर्ण चाकाचा व्यास मोजायचा. लोहार लोखंडाची धाव तापवून लाल करायचा, ती लाकडी चाकावर चढवायचा आणि पाणी ओतायचा. धाव आकसून घट्ट बसायची. या धावेची जाडी बोटभर. म्हणजे बैलगाडीचं चाक हे जवळजवळ सगळंच रिम, आणि ‘टायर’ म्हणाल तर ती धाव. आता गंमत बघा. १९६४ च्या ९११ चं पूर्ण चाक, रबरासकट, सुमारे ६४५ मिलिमीटरचं. आजच्या जीटी३ आरएसचं मागचं चाक ७३४. म्हणजे पूर्ण चाक वाढलं नव्वद मिलिमीटरच्या आसपास, पण आतली रिम वाढली दीडशे मिलिमीटरने. मधला फरक कुठे गेला? टायरच्या भिंतीतून गेला. तेव्हा १३० मिलिमीटरच्या आसपास असलेली भिंत आता १०० वर आली, तीही रुंदी दुप्पट झालेली असताना. चाक बैलगाडीच्या दिशेने चाललंय : धातू जास्त, रबर कमी. (हशा)

आता यात कारण कुठलं आणि नुसतं सोबत आलेलं कुठलं, हे वेगळं करायचं आहे. आणि यासाठी आपल्याकडे एक उत्तम हत्यार आहे, ते न्यायशास्त्राचं.

नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण कुंभाराचं. मडकं होतं तेव्हा त्याच्या आधी काय काय असतं? माती असते, चाक असतं, ते फिरवायचा दंड असतो, कुंभार असतो. पण तिथे आणखीही गोष्टी असतात. दंडाला काही रंग असतो. कुंभाराला बाप असतो, तो नसता तर कुंभार नसता. आणि माती वाहून आणणारं गाढव असतं. आता मडक्याच्या आधी ही सगळी हजर होती म्हणून ही सगळी मडक्याची कारणं म्हणायची का? नैयायिक म्हणतात, नाही. दंड कारण आहे. दंडाचा रंग कारण नाही, तो दंडाबरोबर फुकट आलेला आहे. गाढव कारण नाही, कारण माती डोक्यावरूनही आणता येते. या फुकट आलेल्या गोष्टींना त्यांनी नाव दिलं ‘अन्यथासिद्ध’. सतराव्या शतकात विश्वनाथाने याचे पाच प्रकार मोजून मांडले. कारण म्हणजे जे कार्याच्या आधी नेमाने असतं आणि अन्यथासिद्ध नसतं ते.

मी वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलं आणि मुलं मडक्याला कंटाळायची. आज मडक्याऐवजी टायर घेऊ.

वेगवान गाडीला मोठं चाक असतं, हे नेमाने दिसतं. मग मोठं चाक हा दंड आहे, की दंडाचा रंग?

पहिली गोष्ट, सुरुवातीला तो खरोखर दंड होता. किंवा दंडाला धरून होता. कसा ते सांगतो. पळणं अवघड नाही, थांबणं अवघड आहे. १९५३ साली फ्रान्समध्ये ल माँ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप जिंकली, ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. जुने ड्रम ब्रेक तापले की धरेनासे व्हायचे. उघडी तबकडी वाऱ्याने थंड होत राहायची. तेव्हापासून थांबण्याचं सगळं काम या तबकडीवर आलं. आता हिशेब करा. दीड हजार किलोची गाडी ताशी २५० किलोमीटरवरून वळणाआधी १०० वर आणायची. एवढा वेग मारायला जी ऊर्जा उष्णतेत जाते ती सुमारे तीन दशलक्ष ज्यूल. नऊ-साडेनऊ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणायला लागते तेवढी. आपल्या स्वयंपाकघरात याला किती वेळ लागेल? इथे ते चार सेकंदांत होतं, आणि एका फेरीत दहा-पंधरा वेळा होतं. ही उष्णता पोटात घ्यायला आणि बाहेर टाकायला तबकडी मोठी हवी. तबकडी राहते कुठे? रिमच्या आत. म्हणून रिम मोठी हवी. इतकं साधं आहे.

आजच्या जीटी३ आरएसच्या पुढच्या ब्रेकची तबकडी ४०८ मिलिमीटरची आहे. १९६४ च्या ९११ ची रिम पंधरा इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. म्हणजे आजच्या गाडीचा नुसता ब्रेक तिच्या आजीच्या चाकात मावणार नाही. हे मला कळलं तेव्हा मी शाळकरी पोरासारखा पट्टी घेऊन कागदावर वर्तुळं काढून बघितली.

तर दंड हा : ब्रेक. पण कारण ठरवायला नुसतं सोबत असणं पुरत नाही. एक असताना दुसरं असतं, हा अन्वय झाला. एक नसताना दुसरं नसतं का, हा व्यतिरेकही बघावा लागतो. अन्वय शोरूमवालाही दाखवतो. व्यतिरेक तपासायला इतिहासात जावं लागतं.

लोक म्हणतात, मोठं चाक हवं कारण टायर रुंद बसतो आणि पकड येते. बरं. १९७८ ची लँबोर्गिनी काउंटाक एलपी४०० एस घ्या. तिचा मागचा टायर ३४५/३५ आर १५. पुन्हा ऐका : रुंदी ३४५, म्हणजे आजच्या जीटी३ आरएसपेक्षाही दहा मिलिमीटर जास्त, आणि रिम पंधरा इंच. टायर पिरेली पी७. म्हणजे रुंदीला मोठी रिम लागत नाही, हे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. रुंदीला लागला तो रेडियल टायर. मिशलँने १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या पोटात तारांचे आणि नायलॉनचे पट्टे नीट गुंडाळायचं तंत्र आल्यावर बुटका आणि रुंद टायर वेगात टिकायला लागला.

दुसरं म्हणतात, वेगाला मोठी रिम लागते. मग फॉर्म्युला वन बघा. जगातल्या सर्वांत वेगवान सर्किटच्या गाड्या. २०२१ पर्यंत त्या तेरा इंची रिमवर पळत होत्या. तेरा इंच! मारुती ऑल्टोच्या घरातला आकडा. मागचा टायर ४०५ मिलिमीटर रुंद आणि भिंत गुबगुबीत. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर आपल्या देशातली पहिली ग्रां प्री झाली, फेटेल जिंकला, तीही तेरा इंचांवर. नियमानेच ते बांधलेले होते हे खरं. पण त्यात त्यांचं काही अडलं नाही. ती जाडजूड भिंत स्प्रिंगचं निम्मं काम करायची आणि कार्बनची तबकडी २७८ मिलिमीटरची असूनही भागायचं, कारण गाडी हलकी होती.

तिसरी साक्ष आपल्या वाळूजकरांना जवळची, मोटरसायकलची. इथे चाक वाढलं नाही, उलट कमी झालं. बजाजची पल्सर २००५ मध्ये सतरा इंची अलॉयवर आली आणि थोडी खाली बसली. रेसिंगमध्ये मोटोजीपीवाले बरीच वर्षं साडेसोळा इंचांवर होते, २०१६ पासून सतरावर आहेत, आणि तिथेच आहेत. कुणी एकवीस मागत नाही. का? मोटरसायकलची तबकडी चाकाच्या बाजूला उघडी असते. रिमच्या वाटीत कोंबलेली नसते. सतरा इंचांत ३२० ते ३४० मिलिमीटरची तबकडी आरामात राहते. आणि चाक जड झालं की गाडी आडवी करायला जड जाते. जिथे ब्रेकची अडचण नाही तिथे चाक वाढलं नाही. याहून स्वच्छ व्यतिरेक मला माहीत नाही.

आता इथे माझ्या बोलण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. टायरची भिंत बुटकी झाली की स्टीअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. उंच भिंत आधी स्वतः वाकते आणि मग गाडीला निरोप देते. ट्रॅकवर तो अर्धा क्षण मोलाचा. २०२२ च्या जीटी३ आरएसने नुर्बुर्गरिंगची २०.८ किलोमीटरची फेरी ६ मिनिटं ४९.३२८ सेकंदांत मारली. हे नुसत्या दिखाऊ चाकावर होत नाही. मान्य. पण त्या वेळेत पंखाचा दाब किती, टायरच्या रबराची जात किती, सस्पेन्शन किती, आणि भिंतीचे ते तीस मिलिमीटर किती? माझं म्हणणं एवढंच, की श्रेय वाटताना फोटोत सगळ्यात मोठं जे दिसतं त्याला सगळ्यात मोठा वाटा मिळतो.

जमिनीला टेकतं ते काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. टायरमधल्या हवेचा दाब गुणिले टेकलेलं क्षेत्रफळ, हे त्या चाकावर आलेल्या वजनाच्या जवळपास असतं. साडेतीनशे किलोचा भार आणि नेहमीचा हवेचा दाब धरला तर टेकलेला तुकडा निघतो दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तुमच्या तळहाताएवढा. टायर रुंद केला म्हणून हा तळहात फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो : लांबट होता तो आडवा होतो. वळताना आडवा बरा, म्हणून रुंद टायर. पण रिम तेरा असो की एकवीस, तुम्ही, तुमची बायकापोरं, सगळी गाडी चार तळहातांवर चाललेली असते. बाकी तुमची पकड ठरते रबराची जात, ते किती तापलंय, किती जुनं झालंय आणि आत हवा किती आहे यांवर. यातली एकही गोष्ट रस्त्याच्या पलीकडून दिसत नाही. रिम दिसते.

नैयायिकांनी तर्काचे जे दोष सांगितले त्यात एकाचं नाव ‘चक्रक’ आहे. अ ला आधार ब, ब ला आधार क, आणि क ला आधार पुन्हा अ. शब्दाची निवड पाहून मला नेहमी हसू येतं, कारण आधुनिक स्पोर्ट्स कारची अवस्था अक्षरशः ही आहे. १९६४ ची ९११ सुमारे १,०८० किलोची. आजची जीटी३ आरएस, इतका कार्बन वापरून, १,४५० किलो. गाडी जड झाली म्हणून ब्रेक मोठा. ब्रेक मोठा म्हणून चाक मोठं. चाक, टायर, तबकडी सगळं मोठं झालं म्हणून ते सांभाळणारे सांधे दणकट, आणि म्हणून गाडी जड. चाकाचं वजन तर दोन्हीकडून लागतं. ते ओढायचंही आणि फिरवायचंही. म्हणूनच महागड्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं देतात. म्हणजे चाक मोठं केल्याने वाढलेलं वजन कमी करायला पुन्हा पैसे.

या साखळीतून बाहेर पडायचा प्रयत्न करणारेही आहेत. गॉर्डन मरे या अभियंत्याने नव्वदच्या दशकात मॅक्लारेन एफ१ केली, तेव्हाची जगातली सर्वांत वेगवान गाडी, सतरा इंचांवर. त्याच माणसाने अलीकडे टी.५० केली तेव्हा पुढे एकोणीस आणि मागे वीस इंचांवर थांबला, पुढचा टायर फक्त २३५ रुंद. गाडीच हजार किलोच्या आत ठेवली, मग ब्रेकला एवढं मोठं घर लागलं नाही. आणि इंग्लंडातली केटरहॅम आजही तेरा इंचांवर पळते. दंड हलका केला की रंगाची गरज राहत नाही, एवढं यावरून दिसतं.

आता या इतिहासातला जो भाग मला सगळ्यात रंजक वाटतो तो सांगतो. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनने तेरा इंच सोडून अठरा इंच घेतले. कशासाठी? वेगासाठी नाही. त्या वर्षी गाड्यांचं किमान वजन ७५२ वरून ७९८ किलोवर गेलं, त्यात या चाकाटायरांचाही वाटा होता. कारण असं, की रस्त्यावरच्या गाड्या अठरा-एकोणीसवर गेल्या होत्या आणि तेरा इंची टायर बघून गिऱ्हाइकाला आपल्या गाडीची आठवण होत नव्हती. टायर कंपन्यांना शर्यतीत काही शिकायचं तर ते रस्त्याच्या टायरला उपयोगी पडायला हवं होतं. मिशलँने तर २०१५ मध्ये अठरा इंची चाक असेल तरच येतो अशा धर्तीवर बोली लावली होती. कंत्राट पिरेलीकडेच राहिलं. पिरेलीनेही २०१४ मध्ये सिल्व्हरस्टोनला लोटसच्या गाडीला अठरा इंची चाकं लावून दाखवली होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या फॉर्म्युला ई ने पहिल्या दिवसापासून अठराच घेतले.

म्हणजे काय झालं पाहा. आधी ट्रॅकवरच्या गाडीला ब्रेकसाठी मोठं चाक लागलं. ते बघून रस्त्यावरच्या गाडीने ब्रेक तेवढा मोठा नसतानाही मोठं चाक लावलं. मग रस्त्यावर सगळीकडे मोठी चाकं दिसू लागली म्हणून ट्रॅकवरच्या सर्वांत शुद्ध गाडीने ती घेतली. मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली. दंडाच्या रंगाला इतकी किंमत आली की कुंभार रंग बघून दंड निवडू लागला. न्यायाच्या दृष्टीने अठरा इंच इथे अन्यथासिद्ध आहेत. बाजाराच्या दृष्टीने तेच मुख्य कारण आहेत. मोठ्या रिममध्ये जागा झाल्यावर पुढची तबकडीही सुमारे ३३० मिलिमीटरची झाली, तो भाग नंतरचा.

आता परत आपल्या जालना रोडवर येऊ.

शेंद्र्याची पहिली ऑक्टाव्हिया घ्या. या जातीच्या गाडीला नेहमीचा टायर १९५/६५ आर १५. टायरच्या दुकानात याचं गणित तोंडपाठ असतं : पंधराचं सोळा करायचं तर २०५/५५, सतरा करायचं तर २२५/४५. हिशेब करून बघा, तिन्हींचा पूर्ण व्यास ६३२ ते ६३५ मिलिमीटरमध्येच येतो. स्पीडोमीटर चुकत नाही, चाक कुठे घासत नाही. कमी झाली फक्त भिंत : १२७ मिलिमीटरवरून १०१. वर ब्रेकची तबकडी तीच, कंपनीने दिलेली. मोठ्या रिमच्या आरपार ती केविलवाणी दिसते. ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल. (हशा) म्हणजे जिच्यासाठी रिम मोठी झाली ती वस्तूच नाही, तिची रिकामी खोली तेवढी आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने गेल्या वर्षी गाडीला दोन इंच मोठी अलॉय घातली. कौतुकाने दाखवायला आणली. मी विचारलं, ‘कशासाठी रे?’ तो म्हणाला, ‘आजोबा, रोड-ग्रिप!’ पावसाळ्यात एका खड्ड्यात पुढची रिम वाकली आणि टायरला फुगा आला. पोरगं चांगलं आहे, इंजिनिअर आहे. त्याने रिम सरळ करून घेतली, टायर मात्र तसाच ठेवला, ‘फुगा लहान आहे’ म्हणून. बापाने आणि मी मिळून तो बदलायला लावला.

तो फुगा म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे प्रश्न हौसेचा राहत नाही. टायरच्या भिंतीत दोरे असतात, सगळा जोर ते धरतात. खड्ड्याच्या काठावर बुटकी भिंत रिम आणि डांबर यांच्यामध्ये चेंगरते. उंच भिंतीत दाबायला जागा असते, इथे नसते. दोरे आत तुटतात, बाहेरून रबर शाबूत असतं, आणि तिथे हवा बाहेर ढकलून फुगवटा आणते. शहरात चाळीसच्या वेगाने हा टायर महिनोन् महिने चालतो. मग दिवाळीत तीच गाडी समृद्धीवर चढते.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. आपल्या शहराच्या कुशीतून जातो. कारला ताशी १२० ची मर्यादा. काँक्रीटचा सरळ रस्ता, मराठवाड्याचा उन्हाळा, आणि तासन् तास एकच वेग. टायर फिरताना प्रत्येक फेरीत भिंत दबते आणि सुटते, त्यात उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर जास्त दबते आणि जास्त तापते. अपुरी हवा, जुनं रबर, तुटलेले दोरे, यांतलं काहीही असलं तर ते इथे उघडं पडतं. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या इतक्या बातम्या आल्या की परिवहन विभागाला या महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासणी सुरू करावी लागली.

या अपघातांना मोठी रिम कारण आहे, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीच गाढवाला मडक्याचं कारण ठरवल्यासारखं होईल. पंधरा इंची टायरही फुटतात. कारण आहे ते हवा, वय, भार आणि आतली इजा. मोठ्या रिमने यातल्या एकाच गोष्टीची शक्यता वाढते, आतल्या इजेची. ट्रॅकवर खड्डे नसतात. तिथे प्रत्येक फेरीनंतर माणूस वाकून टायर बघतो, तापमान मोजतो, दाब मोजतो. ट्रॅकवरून आपण रिमचा आकडा घेतला. वाकून बघण्याची सवय तिथेच राहिली.

म्हणून टायर घेताना किंवा जुनी गाडी घेताना आकडे बघायचेच असतील तर ते टायरच्या भिंतीवरचे बघा. मापाच्या शेवटी दोन-तीन अंकी संख्या आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ९१ व्ही. संख्या तो टायर किती भार घेईल ते सांगते, अक्षर किती वेगापर्यंत ते सांगतं. आणि थोडं बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी कितीही ताजी दिसली तरी त्याचं वय ते. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागतं, ते आतल्या बाजूला असतात.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.